पोटात पाणी असलेली होडी

...बूच मात्र पितळेचं होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या त्या लांबलचक नळकांड्याच्या शेवटाला, खालच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढं, कडेनं हिरवा कळंक चढलेलं. आणि त्याच्यावर अंगठा टेकवून धम्मदीप उकिडवा बसला होता तो बसलाच होता. उठायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. होडी विकणारा नितेश डोक्याशी उभा राहून बोलत होता—खाली अशी दोन बंद नळकांडी, वर सपाट फळ्या, फळ्यांवर बाकं, म्हणजे सर, ही होडी बुडते म्हणाली तरी बुडायची नाय—आणि धम्मदीप हं हं करत होता, पण त्याचा कान होता नळकांड्याच्या आत. होडीचं मागचं टोक जेटीच्या उतारावर टेकलेलं, पुढचं पाण्यात. एखादी लाट आली, होडी जराशी कलली, की आत काहीतरी सरकत जायचं. डुबुक्... मग काहीच नाही... मग परतीचं, हलकं, डुब्.

"पाणी आहे आत," तो म्हणाला.

"थोडंसं हाय. सांध्यातनं झिरपतं कधीतरी. जुना माल म्हटल्यावर चालायचंच. तुम्ही घेणार असाल तर वर ओढून हे बूच खोलतो, सगळं गळून जाईल. धोका कसलाच नाय, सर."

धोक्याचं विचारतोय कोण? माणसाला कशाकशाची भीती वाटते ते विक्रेत्याला कुठून कळणार, तो बिचारा बुडण्याबद्दलच बोलणार. धम्मदीपला तो आवाज नको होता. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता—नळाखाली बादली भरताना, वर्गात एखादं पोर बाटली तोंडाला लावताना, कुठेही तो मध्येच उगवायचा: पत्र्याचा डबा लाकडी तळाला घासतोय, खसक्... आणि मग कडेवरून पाणी पाण्यात, डुबुक्. तो थांबायचा, खडू हातात तसाच, आणि पोरांना वाटायचं सर काहीतरी महत्त्वाचं सांगणार आहेत.

दोन होड्या होत्या आणि त्यांतली एक पसंत करायची होती, एवढंच आजचं काम. दुसरी, नवी कोरी, जेटीला लागून उभी होती. पांढऱ्या गाद्या, चारी बाजूंनी कमरेएवढा पत्रा, वर छत, आणि आवाज म्हणून नाही. ‘पोटातलं पाणी हलणार नाय,’ असं तिच्याबद्दल नितेश सकाळपासून दोनदा म्हणाला होता. ही जुनी कुठल्याशा रिसॉर्टवाल्याची, कडेनं निळं ताडपत्रीचं कापड ताणलेलं, फळ्यांवरचा रबर उडालेला, पण इंजिन म्हणे अजून तरणं. स्वप्ना आणि निशिगंधा—बायको आणि मुलगी—केव्हाच नवीत जाऊन बसल्या होत्या. त्यांची पसंती झालेली होती. आता ती फक्त त्याच्या गळी उतरायची होती.

"अहो, त्या पोचे आलेल्या नळीपाशी काय बसलाय?" स्वप्नाने हाक मारली. "इकडे या, बसून तर बघा."

"बाबा, इथे पाय पसरून झोपता येतं!" निशिगंधा.

येतो, म्हणाला. उठला नाही.

होडी कशाला, असं सगळ्यांनी विचारून झालं होतं. लोक गाडी घेतात, गावच्या घराला गिलावा काढतात, आणि ह्या भूगोलाच्या मास्तरला निवृत्ती दिसायला लागल्यावर होडीचे डोहाळे! शाळेतल्या सहकाऱ्यांनी तर स्टाफरूममध्ये त्याला ‘तांडेल’ म्हणायला सुरुवात केली होती. त्यानं सगळ्यांना ठरलेलं उत्तर दिलं—मुलगी आता शिकायला बाहेर जाईल, तोवर चार रविवार एकत्र काढू, खाडीनं फिरू, डबे घेऊन कुठल्याशा काठावर जेवू. स्वप्नालाही हेच सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण अशा होडीचा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा का राहिला होता, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. ह्या होडीला तळ नव्हता. म्हणजे पोट नव्हतं, खोलगट जागा नव्हती, जिथे पाणी साठावं आणि त्या पाण्यात कुणीतरी बसावं अशी सोयच नव्हती. सगळी माणसं एका पातळीवर. आणि वर, पाण्याच्या चांगलं वर, जिथून चहूकडे दिसतं. मनात आलं, ह्यात आयेला बसवायचं. पुढच्या बाकावर, मधोमध. आणि पैलतीरी न्यायचं, तिच्या माहेरी, एकदा तरी—पुलावरून गाडीनं नाही, खाडीतून.

आये, प्रेमला तिचं नाव, त्या दिवसानंतर खाडीवर गेलीच नव्हती.

आताही ती जेटीच्या तोंडाशी, सुरूच्या झाडाखाली दगडावर बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन, पाण्याकडे पाठ करून. बघायला येते, बसायला नाय, ह्या बोलीवर ती आली होती. नवी होडी तिनं मान वळवून एकदा पाहिली आणि म्हणाली, "ही होडी हाय काय? हा तं दिवानखाना." आणि परत रस्त्याकडे तोंड. ह्यापेक्षा जास्त बोलायला लावणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

कुणाच्या बापाला... शब्द मनात आला आणि त्याचा त्यालाच टोचला.

डुबुक्, नळकांडं म्हणालं.

तरीच्या, खाडी ओलांडणाऱ्या त्या होडीच्या, तळातून पाणी दिसत नाही. हे कुणाला सांगितलं तर हसतील—होडीत बसलास आणि पाणी दिसलं नाही? पण खरंच नाही दिसत. फळीवर बसणाऱ्याला दिसतं. फळ्या वरच्या वाडीतल्या माणसांच्या, आणि आम्ही खाली, मागच्या अंगाला, जिथे झिरपलेलं पाणी जमायचं तिथे, गुडघे पोटाशी घेऊन. बाबासाहेबांचा फोटो आमच्या घरात माझ्या आज्यानं लावला, बुद्धवंदना आली, नावं बदलली, मेलेली ढोरं ओढायचं बंद झालं. पण तरीत बसायची जागा तेवढी तीच राहिली, कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं इतकंच. तळात बसायचं म्हणजे पाणी उपसायचंही आपणच. माझा बाप, धोंडू, होडीत पाय ठेवला की न सांगता डब्याला हात घालायचा. मी सहा वर्षांचा होतो. मला खाडी म्हणजे आवाज वाटायची. वर माणसांचे पाय, त्यांच्या वर छत्र्या, त्यांच्या वर आभाळ. आणि बाजूच्या फळीच्या पलीकडून काहीतरी मोठं अंग घासत चाललंय...

त्या दिवशी पैलतीरी मामाचा साखरपुडा होता. तिघं सकाळीच निघाले होते, तिकडे जेवायला पोचायचं म्हणून. बापानं नवा सदरा घातलेला, त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डब्यातलं पाणी उडतं म्हणून. होडी भरलेली होती आणि ओहोटी पुरी उतरलेली. मध्ये, खाडीच्या बरोबर पोटात, रेतीचा एक लांबट उंचवटा आहे, सुकतीला वर येतो, लोक त्याला म्हशीची पाठ म्हणतात. तिथे होडी बसली. खालून करकर आवाज आला आणि सगळं थांबलं.

"धोंडू, उतर जरा. जोर दे," तरीवाला दादू म्हणाला. तेही नेहमीचंच. तळातल्या माणसानं उतरायचं, ढकलायचं, होडी सुटली की कडेला लोंबकळून वर यायचं. बापानं डबा आयेच्या हातात दिला. कडेवरून पलीकडे गेला तेव्हा त्याचे तळपाय दिसले, भेगाळलेले, ओले. तेवढेच. मग बाहेरून फळीला खांदा लागल्याचा आवाज आला, कुणीतरी ‘ओढ रे’ म्हणालं, कुणीतरी हसलं, आणि होडी सुटली.

आये वर मान करून म्हणाली, "चढले काय?"

दादूनं वल्हं मारत सांगितलं, आता खोल लागलं, वळवली तर परत रुतंल, दुसऱ्या खेपेला आणतो त्याला. हे कुणालाच वावगं वाटलं नाही. आयेलाही नाही. ती पाणी उपसत राहिली. खसक्... डुबुक्. बऱ्याच वेळानं तिनं परत विचारलं, "दिसतात काय ते?" आणि फळीवरून एका बाईचा आवाज आला—चांगला, मायाळू आवाज, अजून कानात आहे—"नाय दिसत गो इथनं. ऊन येतं डोळ्यांवर." आयेनं मान खाली घातली.

दुसरी खेप उशिरा झाली. दादूला तिकडे कुणी पानसुपारीला बसवलं, कुणाचं सामान चढवायचं होतं, असं काहीतरी. तो परत गेला तेव्हा म्हशीची पाठ पाण्याखाली होती. धोंडूला पोहता येत नव्हतं, तो भाताच्या खाचरातला माणूस. पण काही सापडलंही नाही. ना सदरा, ना काही. आठ दिवसांत वाडीत बोललं जायला लागलं की धोंडू अलीकडच्या बाजूला चालत आला असणार, तिकडून सडकेला लागून मुंबईला गेला असणार. इतके पुरुष मुंबईला जातात, त्यात आणखी एक. आयेनं ती गोष्ट दोन्ही हातांनी धरली. मुंबईला गेलेला माणूस मेलेला नसतो. काळी पोत तिनं अजून काढलेली नाही. तिचा दोरा चार वेळा बदलून झाला, मणी तेच.

आणि धम्मदीप... शिकायला मुंबईत होता तेव्हापासून सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो. अभिवादनाला जातो, हे तर आहेच. पण मैदानावर सतरंजी टाकून बसलेली म्हातारी माणसं, कुठकुठल्या गावांची, पुढ्यात शिदोरी सोडून बसलेली—त्यांच्या रांगांतून तो सावकाश चालतो, चेहऱ्यांकडे पाहत. बाप जिवंत असता तर आता किती थकलेला असता ह्याचा हिशेब दरवर्षी नव्यानं करतो. चेहरा तर आठवतच नाही. म्हणून हल्ली पाय बघतो.

"सर?" नितेश. "काय ठरवताय? की दोन्हींत एकेक चक्कर मारू?"

"हो... मारू."

आधी नवी. स्वप्नाचं म्हणणंच तसं होतं. धम्मदीप आयेला बोलवायला सुरूपाशी गेला. ती उठली नाही. म्हणाली, तुमी जा, मी हितं बसते. त्यानं हात पुढे केला. तिनं त्या हातावर थोपटल्यासारखं केलं आणि पिशवी नीट केली. मग ते तिघंच गेले. छान गेली होडी, काठाकाठानं, एक वळसा. खरोखर पोटातलं पाणी हललं नाही. निशिगंधानं फोटो काढले. स्वप्ना हळूच म्हणाली, "हीच घेऊ या ना. आत पाणीबिणी नको. आईंना गादी पण मऊ आहे." तो हो म्हणणारच होता. हीच तर त्याला हवी होती: बंद, मुकी, नवी, जिच्यात कुणी कधी बसलेलं नाही. ह्या होडीत आयेला काही ऐकू येणार नाही. आपल्यालाही येणार नाही. पण परत येताना त्यानं जेटीकडे पाहिलं तर सुरूखालचा दगड रिकामा.

होडी टेकायच्या आत तो उडी मारून उतरला. एवढा मोठा बाप्या, पण सहा वर्षांच्या पोरासारखं.

आये जुन्या होडीपाशी होती. उतारावर, चपला हातात घेऊन, मघाशी तो बसला होता तिथेच उकिडवी, नळकांड्याला कान लावून नाही, पण तळहात लावून. गाय गाभण आहे का बघताना पोटाला लावतात तसा.

"ह्याच्यात पानी हाय," तो जवळ आल्यावर ती म्हणाली.

"असू दे गो. काढणार आहेत ते. बूच खोललं की—"

"कशाला काडायचं?" तिनं मान वर केली. जेटीवर आल्यापासून पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "त्या होडीत पानीच नाय. पानी नाय तं तिला मानूस कशाला लागतंय? ह्या होडीत उपसाय लागंल कोनतरी."

आये, हे पाणी उपसता येत नाही, ते बंद आहे आत, तिथे कुणाचा हात पोचत नाही—असं समजावायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. कारण ती उठली होती, एका हातानं लुगडं वर धरून, आणि दुसरा हात तिनं त्याच्याकडे केला होता. चढवायला.

कितीतरी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं, विचारल्याशिवाय होत होतं, आणि ते होताना त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही. नाही कसा? स्वप्ना लगबगीनं आली, तिनं दुसरीकडून धरलं, निशिगंधा "आजी, ग्रेट!" म्हणून ओरडली. आये फळ्यांवर आली. धम्मदीपनं पुढच्या बाकावरची धूळ रुमालानं झटकली, मधोमध. "इथे बस, आये. इथून सगळं दिसतं."

ती बाकाकडे गेली नाही. मागे गेली, इंजिनाच्या अलीकडे, आणि खाली फळ्यांवर बसली, गुडघे पोटाशी घेऊन, पाठ ताडपत्रीला लावून.

"अहो आई, वर बसा की," स्वप्ना म्हणाली. "सगळी बाकं रिकामी आहेत."

"ऱ्हावं दे बाय. मला हितं बरं पडतं."

स्वप्नानं नवऱ्याकडे पाहिलं. तिला गोष्ट माहीत होती, पण जशी घरात सांगितली जाते तशी: सासरे होडीतून उतरले आणि नंतर सापडले नाहीत. तळाचं तिला माहीत नव्हतं. तो चिडला. कुणावर चिडला ते कळलं नाही. सगळा खटाटोप ह्या एका गोष्टीसाठी होता की तिनं खाली बसू नये, आणि इथे खाली अशी जागाच नाही म्हणून तिनं सपाट फळ्यांवर आपला आपण तळ करून घेतला! तो मागच्या बाकावर, तिच्या डोक्याशी जाऊन बसला. तिथून त्याला तिचा पांढरा अंबाडा दिसत होता आणि मानेवरची काळी पोत.

नितेशनं खाली उतरून होडीला खांदा लावला. उतारावर करकर झाली.

"कोन उतरला?" आये पटकन म्हणाली.

"नितेश आहे, आये. ढकलतोय."

होडी सुटली. पाण्यात झोकांडी खाल्ली, आतलं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गडगडत गेलं, आणि त्या क्षणात आयेची बोटं त्याच्या पायाच्या घोट्यावर आवळली.

"चढला काय तो?"

"चढला."

"चढला न्हवं?"

"हा बघ आजी, चढलो," नितेश हसत म्हणाला, गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि इंजिन चालू करायला वाकला. बोटं सुटली. घोट्यावर चार पांढरे ठसे राहिले, ते भरून यायला वेळ लागला.

पैलतीराकडे, त्यानं नितेशला सांगितलं. होडी वळली. समोरून, डोंगराच्या डोक्यावरून, ऊन तोंडावर आलं तशी नितेशनं टोपी पुढे ओढली, स्वप्नानं गॉगल लावला. निशिगंधा पुढच्या टोकाला कानात गाणी घालून उभी. आये खाली, डोळे मिटून. इंजिनाच्या आवाजाखाली तो दुसरा आवाज चालूच होता, आणि धम्मदीपच्या ध्यानात आलं की आयेचा उजवा हात त्या तालावर हलतोय, थोडासाच, मनगटातून. खसक् नाही. पण डुबुक् आहे. खसक् ती स्वतः भरून घेत असावी.

तिचं सगळं आयुष्य एका वाक्यावर उभं होतं. ‘त्यास्नी दिसलं नाय, नायतं थांबली नसती काय?’ हे तिनं किती वेळा म्हटलं असेल. लावणीला ती त्याच बायकांच्या ओळीत उभी राहिली. त्यांच्या सुनांची बाळंतपणं केली. ज्या बाईचा तो मायाळू आवाज होता ती मेली तेव्हा आये तिच्या दारात जाऊन मोठ्यानं रडली. कारण त्यांना दिसलं नव्हतं. ऊन होतं डोळ्यांवर. माणसांना दिसलं असतं तर माणसं अशी नसतात... आणि धम्मदीपही हेच धरून मोठा झाला. शिकून, मास्तर होऊन, त्याच वरच्या वाडीतल्या पोरांना नकाशे शिकवताना त्याच्या मनात कधी किल्मिष आलं नाही. तळातून दिसत नाही हे त्याला माहीत होतं. फळीवरूनही कधीकधी दिसत नाही, एवढंच त्यानं त्याला जोडलं होतं. बरं वाटायचं त्यानं. दोन्हीकडे सारखंच आंधळेपण, मग राग कुणावर करायचा?

म्हशीची पाठ डावीकडून गेली. सुकती होती, ती पुरी वर आली होती, ओली, काळपट, आणि तिच्यावर दोनचार बायका वाकून शिंपल्या, तिसऱ्या गोळा करत होत्या. होडी पुढे गेली. चांगली पुढे गेली, खोल पाण्यात, जिथे वल्हं मारणाऱ्यानं म्हटलं असेल की आता वळवली तर परत रुतंल. मग त्यानं बाकावर वळून मागे पाहिलं.

आधी त्यानं सहजच पाहिलं. बायका दिसल्या. एकीनं पदर खोचला होता, हिरवा. दुसरी पाठ सरळ करायला उठली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिसरीच्या हातातली टोपली दिसली, टोपलीतून गळणारं पाणीसुद्धा... नाही, पाणी नसेल दिसलं, पण तिनं टोपली झटकली ते दिसलं. एक उभा माणूस असता, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला, तर त्याचा सदराही नवा आहे की जुना ते कळलं असतं. त्यानं हात वर केला असता तर हात. एक पाय उचलून पाण्यात घालून पाहिला असता आणि परत मागे घेतला असता तर तेही. आणि मग सुरूची झाडं, जेटी, तिच्यामागचा डोंगर, सगळं धुतल्यासारखं लख्ख. त्याच्या मानेला चटका बसत होता म्हणून त्यानं कॉलर वर केली, आणि कॉलर वर करतानाचा हात तसाच राहिला.

सकाळ. पैलतीर पूर्वेला. पूर्वेकडे चाललेल्या होडीतून मागे वळून पाहणारा माणूस पश्चिमेकडे पाहतो... पाचवीतल्या पोरांना तो फळ्यावर बाण काढून शिकवतो हे. सूर्याकडे पाठ करून उभे राहा, सांगा समोर कोणती दिशा. वर्षानुवर्षं पोरं सांगत आली. आणि त्या एका सकाळी सूर्य कुठे होता, ते शोधायचं त्याला आयुष्यात सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं की... नाही, सुचू दिलं नव्हतं. बाण काढायला हात कितीदा वर गेला असेल, आणि खडू हातात तसाच, आणि पोरांना वाटायचं सर काहीतरी सांगणार आहेत.

म्हणजे त्यांना दिसत होता.

सगळ्यांना. वल्हं मारणाऱ्याला, छत्रीवाल्यांना, त्या मायाळू बाईला. लहान होत जाणारा, पण दिसणारा. आणि खाली आये विचारत होती आणि मी तिच्या मांडीत होतो आणि वर सगळ्यांना दिसत होता...

"धमा," आये म्हणाली.

तिनं डोळे उघडले नव्हते. हात मात्र थांबला होता.

"म्हशीची पाठ मागं ऱ्हायली असंल न्हवं आता?"

"हो."

"दिसते काय रे हितनं?"

स्वप्नानं वळून पाहिलं. आधी मागे, रेतीकडे, बायकांकडे, मग त्याच्याकडे. तिचा चेहरा काही विचारत नव्हता. तिला फक्त एवढंच वाटलं असेल की हो म्हणायला ह्यांना एवढा वेळ का लागतोय. पाठ तर समोर होती. हिरवा पदर आता परत खाली वाकला होता. आये खालून, ताडपत्रीला टेकून, उत्तराची वाट पाहत होती, आणि तिच्या डोक्यावर उंच, बाकावर, तो बसला होता—चहूकडे दिसावं म्हणून एवढी यातायात करून मिळवलेल्या जागेवर. हो म्हटलं तर? हो आये, स्वच्छ दिसते, माणसाच्या सदऱ्याची घडी मोजावी इतकी. मग ज्या दारांत ती रडली ती सगळी दारं, ज्या पोरांना तिनं पहिलं न्हाऊ घातलं ती पोरं, आणि मुंबईला गेलेला, अजून कुठेतरी सतरंजीवर बसलेला म्हातारा... हे सगळं तिच्या हातून काढून घ्यायचं, ह्या वयात, भर खाडीत. आणि नाही म्हटलं तर...

"नाय दिसत, आये," तो म्हणाला. "ऊन येतं डोळ्यांवर."

आवाज चांगला निघाला. मऊ, मायाळू. त्यानं तो ऐकला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

आयेनं मान हलवली. मग, कुणाला सांगतेय असं नाही, फळ्यांकडे बघून म्हणाली, "त्येच बोल्ली व्हती ती पन." आणि तिचा उजवा हात परत हलायला लागला, मनगटातून, थोडा थोडा.

तिला काय कळलं, काय नाही? त्यानं वाकून तिचा चेहरा बघायचा प्रयत्न केला. वरून फक्त अंबाडा दिसत होता.

"मग सर, कुठली धरायची?" इंजिनावरून नितेशनं ओरडून विचारलं. "ही, का ती?"

स्वप्ना त्याच्याकडे पाहत होती. निशिगंधानं कानातले इअरफोन काढले होते. त्यालाही वाटत होतं की काहीतरी बोलावं, एवढा साधा प्रश्न. पण आत्ता तोंड उघडलं तर कुणाचा आवाज बाहेर पडेल ह्याची त्याला खात्री राहिली नव्हती. फळ्यांखाली, बंद नळकांड्यात, पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं आणि परत आलं. तो तसाच मागे वळून बसून राहिला, रेतीकडे पाहत, डोळे पुरे उघडे ठेवून. आणि ऊन त्याच्या मानेवर लागत होतं, मागून.